क्रूझची बोट निवडताना: दहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात समुद्र कुणाला नवा नाही. झाई-बोर्डीपासून डहाणू खाडी, वरोर, वाढवणपर्यंत त्याच्यावर घरं चालतात. तरीही प्रवासी बोटीत रात्र काढलेली माणसं इथे आजवर थोडीच होती. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या क्रूझ सुरू झाल्या आणि चित्र बदललं. चिकूचा हंगाम बरा गेलेला वाडीवाला, निवृत्तीचे पैसे हाती आलेले शिक्षक, आईवडिलांच्या लग्नाची पन्नाशी साजरी करू पाहणारी भावंडं असे अनेक जण आज क्रूझची चौकशी करतात. पैसा कष्टाचा असतो आणि अशी सहल आयुष्यात बहुधा एकदाच होते. अशा वेळी ‘ती जुनी आहे, नको’ किंवा ‘ही मोठी आहे, हीच घ्या’ एवढ्या आधारावर ठरवणं बरं नाही.

पुढे वारंवार येणाऱ्या तीन बोटींची आधी ओळख करून घेऊ. मुंबईहून 2021 पासून धावणारी कॉर्डेलिया क्रूझेसची ‘एम्प्रेस’ 1990 साली फ्रान्समधल्या सां-नाझेर इथे बांधली गेली. ती 211 मीटर लांब आणि 48,563 टनांची आहे. ‘कोस्टा सेरेना’ 2007 ची, 290 मीटर लांब आणि 114,147 टनांची. नोव्हेंबर 2023 पासून काही आठवडे तिनेही मुंबईहून देशांतर्गत फेऱ्या केल्या. सिंगापूरहून सुटणारी ‘गेंटिंग ड्रीम’ 2016 ची, 335 मीटर लांब आणि दीड लाख टनांची आहे. आपल्याकडच्या सहल कंपन्या तिची तिकिटं विकतात. इथे टन म्हणजे वजन नव्हे. बोटीच्या आतली बंदिस्त जागा या एककात मोजतात.

गैरसमज 1: जुनी बोट म्हणजे धोक्याची बोट.

वस्तुस्थिती: प्रवासी बोटीला सुरक्षेचं प्रमाणपत्र फक्त एका वर्षाचं मिळतं. दर वर्षी तपासणी झाली तरच ती प्रवासी घेऊ शकते. शिवाय दर पाच वर्षांत निदान दोनदा बोट पाण्याबाहेर काढून तिचा तळ तपासावा लागतो. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत आपल्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून डागडुजी करतात, त्यातलाच हा मोठा प्रकार. वेळच्या वेळी डागडुजी झालेली होडी वर्षानुवर्षं चालते आणि हयगय झालेली नवी होडी दुसऱ्याच हंगामात गळते, हे कुठल्याही तांडेलाला सांगावं लागत नाही.

वयाचा काहीच फरक पडत नाही, असं मात्र नाही. 1990 मध्ये ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या बोटीला लागलेल्या आगीत दीडशेहून अधिक माणसं गेली. बोट 1971 ची होती आणि कर्मचाऱ्यांना तिची पुरेशी ओळख नव्हती. त्यानंतर सोलास या आंतरराष्ट्रीय करारातले आगीविषयीचे नियम कडक झाले आणि जुन्या बोटींनाही टप्प्याटप्प्याने लागू झाले. ऑक्टोबर 2010 पासून ज्वलनशील साहित्याचा नियम लागू झाला, तेव्हा लाकडी सजावटीच्या कित्येक जुन्या बोटींना निवृत्त व्हावं लागलं. आज चालू असलेल्या जुन्या बोटी या चाळणीतून गेलेल्या आहेत.

जुलै 2010 पासून कणा घातलेल्या, म्हणजे बांधणी सुरू झालेल्या, मोठ्या प्रवासी बोटींना आणखी एक नियम आहे. आग लागली किंवा एका भागात पाणी शिरलं, तरी बोटीला स्वतःच्या बळावर बंदर गाठता यावं, अशी तिची रचना असावी लागते. एम्प्रेस आणि सेरेना या दोन्ही बोटी त्या आधीच्या. नव्या पिढीच्या बोटीकडे हा फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा.

गैरसमज 2: नवी आणि मोठी बोट असली की चिंता नाही.

वस्तुस्थिती: इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 13 जानेवारी 2012 रोजी कलंडलेली ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही सेरेनाचीच बहीण होती. तोच आराखडा, तेवढेच टन. प्रवासी सेवेत येऊन उणीपुरी सहा वर्षं झालेली. कप्तानाने बोट खडकाच्या फार जवळून नेली आणि 32 जीव गेले. शेकडो प्रवासी त्याच संध्याकाळी चढले होते. त्यांचा सुरक्षा सराव अजून झालेलाच नव्हता, कारण तेव्हा 24 तासांत सराव घेतला तरी चालत असे. आज हा सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावा लागतो, तो या अपघातानंतर बदललेल्या नियमामुळे.

मार्च 2019 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात ‘व्हायकिंग स्काय’ची चालू असलेली सगळी इंजिनं पाठोपाठ बंद पडली. बोट 2017 ची, वर सांगितलेल्या नव्या नियमाच्या काळातली. कारण काय, तर इंजिनातल्या वंगणाच्या तेलाची पातळी कमी होती आणि बोट जोराने डोलू लागताच यंत्रणेने इंजिनं बंद केली. शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं.

आपल्या किनाऱ्यावरची ‘रामदास’ बोट आठवा. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे जाताना ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती 1936 ची होती, म्हणजे जेमतेम अकरा वर्षांची. भर पावसाळा आणि खवळलेला समुद्र, त्यात घाबरून एका बाजूला धावलेली माणसं. या तिन्ही घटनांत घात वयाने केला नाही. बोट कोणत्या हवामानात नेली, कुठून नेली आणि तिची रोजची देखभाल कशी होती, यावर सगळं ठरलं.

म्हणून बोटीवर चढल्यावर खोलीतलं लाइफ जॅकेट कुठे आहे ते बघा, जमण्याची जागा पायांनी जाऊन पाहा आणि आजीआजोबांनाही ती दाखवा.

गैरसमज 3: भारतात नव्याने आलेली बोट नवीच असते.

वस्तुस्थिती: बोट विकली गेली की तिचा रंग आणि नाव बदलतं. एम्प्रेसचंच पाहा. आधी ‘नॉर्डिक एम्प्रेस’, मग ‘एम्प्रेस ऑफ द सीज’, पुढे स्पॅनिश कंपनीकडे गेल्यावर ‘एम्प्रेस’. 2019 मध्ये मुंबईत गाजावाजाने आलेली जालेश कंपनीची ‘कर्णिका’ म्हणजे 1990 ची ‘क्राउन प्रिन्सेस’ होती. कॉर्डेलियाने पुढच्या काळासाठी जाहीर केलेल्या ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि ‘नॉर्वेजियन सन’ या बोटी अनुक्रमे 1999 आणि 2001 च्या आहेत. एम्प्रेसपेक्षा मोठ्या आणि वयाने लहान, पण कोऱ्या नव्हेत.

यात फसवणूक नाही. जगभर बोटी अशाच हातोहात जातात. खरं वय कळायला एक सोपी खूण आहे. प्रत्येक क्रूझ बोटीला सात आकडी आयएमओ क्रमांक असतो. नाव, मालक, झेंडा काहीही बदललं तरी तो बदलत नाही. एजंटकडून हा क्रमांक घ्या, म्हणजे बांधणीचं वर्ष आणि आधीची नावं शोधता येतील. शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली, तेही विचारा. 1990 ची, पण नुकतीच गोदीतून आलेली बोट ही 2010 च्या, पण पाच वर्षं आतल्या सजावटीला हात न लावलेल्या बोटीपेक्षा अधिक नीटनेटकी असू शकते.

गैरसमज 4: मोठ्या बोटीत बोट लागत नाही.

वस्तुस्थिती: लांब बोट लाटांवर कमी डोलते, हे खरं. लाटेच्या लांबीच्या मानाने बोट जितकी लांब, तितकी ती दोन-तीन लाटांवर एकदम टेकते. पण एम्प्रेससारख्या बोटीलाही पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात आणि ते आडवं डोलणं बरंच कमी करतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबई ते गोवा हा समुद्र एरवी शांत असतो. तेव्हा लहान आणि मोठ्या बोटींत फारसा फरक जाणवत नाही. मेअखेरीस समुद्र अंगात यायला लागतो आणि पावसाळ्यात अरबी समुद्र क्रूझसाठी योग्य राहत नाही. म्हणूनच 2022 च्या पावसाळ्यात एम्प्रेस चेन्नईला हलवली गेली होती.

बोटीच्या आकारापेक्षा तुमच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे खोलीची जागा. झोपाळ्याच्या टोकाला झोका मोठा आणि कडीजवळ लहान, तसंच बोटीचं आहे. पुढच्या आणि मागच्या टोकाला, तसंच वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त बसतात. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत स्थिर आणि बहुतेकदा सर्वांत स्वस्तही असते. ज्यांना एसटीतही मळमळतं त्यांच्यासाठी तीच मागा. लहान बोटीतली मधली खोली ही मोठ्या बोटीतल्या टोकाच्या, चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीपेक्षा सुखाची ठरते.

गैरसमज 5: मोठी बोट म्हणजे गर्दी, लहान बोट म्हणजे निवांतपणा.

वस्तुस्थिती: इथे गणित उलट येतं. बोटीच्या टनांना एका खोलीत दोघे धरून येणाऱ्या प्रवासीसंख्येने भागलं की माणशी जागेचा अंदाज मिळतो. एम्प्रेसवर असे सुमारे 1,600 प्रवासी मावतात, म्हणजे माणशी 30 टन. सेरेनावर सुमारे 3,000, म्हणजे 38. गेंटिंग ड्रीमवर 3,350 च्या आसपास, म्हणजे 45. तिथे माणसं एम्प्रेसच्या दुप्पट असली तरी जागा तिप्पट आहे.

खोल्यांतही हा फरक दिसतो. 1990 च्या काळात माणसं खोलीत फक्त झोपायला येतात असं धरून बोटी बांधत. त्यामुळे एम्प्रेसवरची साधी आतली खोली शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या घरातली आहे. दोन पलंग, भिंतीतून खाली येणारे बर्थ, टेबल आणि एक माणूस जेमतेम फिरेल अशी न्हाणी. बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच. आपण पैसे वाचवायला एका खोलीत चौघे राहतो आणि बॅगा मोठ्या नेतो. मग एक जण कपडे बदलताना बाकीचे पलंगावर पाय वर घेऊन बसतात. बॅगा मऊ आणि लहान घ्या, त्या पलंगाखाली सरकतात.

मात्र मोठ्या बोटीतली गर्दी ठरावीक वेळी एका ठिकाणी साचते. चढताना, उतरताना, शो सुटल्यावर लिफ्टपाशी आणि सकाळी नाश्त्याला. रांगेचा त्रास होणाऱ्यांनी हे धरून चालावं.

गैरसमज 6: मोठी बोट जास्त ठिकाणं दाखवते.

वस्तुस्थिती: मोठी बोट स्वतःच ठिकाण असते. 2024 मध्ये आलेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ 365 मीटर लांब आहे आणि तिच्यावर सगळे बर्थ भरले तर 7,600 प्रवासी मावतात. घसरगुंड्या, बर्फाचं मैदान, नाट्यगृह सगळं बोटीवरच. अशी बोट लहान बंदरात शिरूच शकत नाही. उथळ पाण्याला आणि आखूड धक्क्याला लहान बोटच लागते.

लक्षद्वीपला तर प्रश्न आणखी वेगळा आहे. क्रूझ खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवासी छोट्या होड्यांतून बेटावर जातात. बोटीच्या बाजूचा दरवाजा उघडतो, खाली होडी वरखाली होत असते, दोन खलाशी दंड धरतात आणि होडी वर आली की पाय टाकायचा. सोळाशे माणसांची ही उतराई आणि तीन हजारांची उतराई यात कित्येक तासांचा फरक पडतो. समुद्र जरा उठला तर बेटाचा थांबाच रद्द होतो, मग बोट कोणतीही असो. बेट पाहणं हाच हेतू असेल तर लहान बोट बरी. मुलांना दिवसभर बोटीवर खेळवायचं असेल तर मोठी.

लहान म्हणजे जुनी, असंही समीकरण नाही. जानेवारी 2023 मध्ये वाराणसीहून निघालेली ‘गंगा विलास’ कोरी होती. लांबी फक्त 62 मीटर, प्रवासी 36 आणि भाडं मोठ्या बोटींपेक्षा कितीतरी जास्त.

गैरसमज 7: म्हाताऱ्या माणसांना लहान बोटच सोयीची.

वस्तुस्थिती: चालणं कमी, वाट चुकण्याची भीती कमी, चेहरे लवकर ओळखीचे होतात, हे लहान बोटीचे गुण खरे आहेत. पण जुन्या बोटींत चाकाच्या खुर्चीला चालतील अशा खोल्या थोड्या असतात आणि न्हाणीच्या दारात उंबरा असतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला रात्री दोनदा तो ओलांडावा लागतो. नव्या बोटीत रुंद दारं, सपाट न्हाणी आणि जास्त लिफ्ट मिळतात, पण जेवणघर दोनशे पावलं लांब असू शकतं. आजी चालू शकते, पण पाय उचलणं जड जातं, की पाय उचलते, पण लांब चालवत नाही, हे आधी घरात पाहा. त्यावर बोट ठरवा आणि खोली लिफ्टजवळची मागा.

गैरसमज 8: जुनी बोट नेहमी स्वस्त पडते.

वस्तुस्थिती: जाहिरातीतलं भाडं म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. बंदर शुल्क, जीएसटी, सेवाशुल्क, वायफाय, पेयं आणि किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं वर येतं, बोट जुनी असो वा नवी. सिंगापूरच्या मोठ्या बोटीसाठी विमान, व्हिसा आणि हॉटेलची रात्र धरावी लागते. उलट मुंबईहून सुटणाऱ्या देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं.

आपल्यासाठी आणखी एक हिशेब आहे. तलासरीकराला आधी डहाणू रोड किंवा उंबरगाव स्टेशन गाठावं लागतं, नाहीतर महामार्गाने वर्सोव्याच्या पुलाजवळची कोंडी पार करावी लागते. डहाणू रोडहून लोकलने चर्चगेट आणि तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर. बोट प्रवाशांसाठी थांबत नाही. चढण्याची वेळ दुपारची असेल तर पहाटेची गाडी पकडा आणि तिच्या पुढची गाडी राखीव समजा.

गैरसमज 9: नवी बोट पर्यावरणाला निर्धोक.

वस्तुस्थिती: डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथल्या माणसाने हा प्रश्न विचारायलाच हवा. 1 जानेवारी 2020 पासून जगभरच्या बोटींच्या इंधनात गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. ती जुन्या-नव्या सगळ्यांना लागू आहे. नवी इंजिनं कमी इंधन पितात आणि काही नव्या बोटी द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात. त्याने काजळी आणि गंधक जवळजवळ संपतं, पण न जळलेला मिथेन हवेत सुटतो आणि तो तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त हातभार लावतो. शिवाय घसरगुंड्या आणि बर्फाच्या मैदानाला वीज लागतेच.

दुसरीकडे, बोट मोडीत काढणं हेही प्रदूषणाचं काम आहे. ते आपल्यापासून फार दूर होत नाही. कर्णिका 2020 मध्ये खंभातच्या आखाताच्या पलीकडे अलंगला तोडायला गेली. तिचं वय तीस होतं, पण तिला वयाने मारलं नाही. महासाथीत कंपनी बंद पडली, म्हणून ती गेली. चांगल्या स्थितीतली जुनी बोट आणखी काही वर्षं वापरणं हाही पर्यावरणाचा विचार असू शकतो.

गैरसमज 10: वाढवण बंदर झालं की मोठ्या क्रूझ आपल्या दारातून सुटतील.

वस्तुस्थिती: वाढवणची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. जाहीर आराखड्यात कंटेनरची नऊ टर्मिनल, चार बहुउद्देशीय आणि चार द्रव मालाचे धक्के, वाहनं थेट चढवण्या-उतरवण्याचा एक रो-रो धक्का आणि तटरक्षक दलाचा धक्का आहे. क्रूझ टर्मिनल त्यात नाही. खोल पाणी आहे म्हणून क्रूझ येतेच असं नाही. तिला प्रवासी, हॉटेलं, विमानतळ आणि इमिग्रेशनची व्यवस्था लागते. ती मुंबईत आहे आणि बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं. ज्या बंदराला इथल्या मच्छीमारांचा इतकी वर्षं विरोध आहे, त्याच्या बाजूने क्रूझचं आमिष दाखवलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मग निवडायचं कसं?

पहिलीच क्रूझ, सोबत आईवडील, हाती तीन-चार दिवस आणि बजेट आखडतं असेल, तर मुंबईहून सुटणारी लहान, जुनी बोट घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा आणि मधल्या भागातली खोली मागा. घरात दहा ते अठरा वयाची मुलं असतील, बोटीवरच चार दिवस काढायचे असतील आणि पासपोर्ट तयार असतील, तर मोठी, नवी बोट त्यांना अधिक आनंद देईल. कर्ज काढून मोठ्या बोटीवर जाण्यापेक्षा लहान बोटीवर सगळं घर नेलेलं चांगलं.

पैसे भरण्यापूर्वी एजंटला पाच प्रश्न विचारा. बोटीचा आयएमओ क्रमांक कोणता? शेवटची दुरुस्ती कधी झाली? आमची खोली नकाशावर नेमकी कुठे आहे, आणि तिच्या वर किंवा खाली डिस्को, स्वयंपाकघर किंवा नांगराची साखळी तर नाही ना? बेटावर होडीने उतरावं लागेल का, आणि थांबा रद्द झाला तर पैसे परत मिळतात का? शुद्ध शाकाहारी किंवा जैन जेवण आधी सांगावं लागतं का? जो एजंट या पाचही प्रश्नांची उत्तरं लेखी देतो, त्याच्याकडेच बुकिंग करा. जो ‘बोट एकदम नवी आहे, काळजी करू नका’ एवढंच म्हणतो, त्याच्याकडे अजून पैसे भरू नका.